दोरीवरची लंगोटं

आईच्या दुधाला पैसे पडत नाहीत, असं दवाखान्यांच्या भिंतींवर लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने धारावीत पीसवर काम करणारी बाई पाहिलेली नसणार. नव्वद फूट रोडच्या आतल्या आमच्या गल्लीत शर्टांचे गठ्ठे यायचे. बायका घरी बसून धागे तोडायच्या, बटणं लावायच्या आणि नगावर पैसे घ्यायच्या. मूल अंगावर घेतलं की तेवढे नग कमी. तान्ह्या मुलाला दिवसरात्रीत आठ-दहा-बारा वेळा पाजायचं, आणि मूल काही घड्याळ लावून पीत नाही. हा हिशेब आमच्या घरात पहिल्यांदा आक्कांनी मांडला. बाकी सगळे आम्हाला दुधाची महती सांगत होते. त्याची किंमत कोण भरतंय, हे या एकट्या बाईने विचारलं.

आक्का आमच्या गल्लीच्या अंगणवाडी सेविका. माहेर सोलापूरकडचं. १९८२ च्या संपात नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेली, आणि मिळेल ते काम करता करता त्या अंगणवाडीत आल्या. अंगणवाडी म्हणजे दहा बाय दहाची खोली, तुळईला टांगलेला वजनकाटा, खिचडीचं पातेलं आणि रजिस्टरांची चवड. सरकार सेविकेला पगार देत नाही, मानधन देतं. काम अर्ध्या दिवसाचं धरलेलं असतं, आणि उरलेला अर्धा दिवस आमच्यासारख्यांच्या घरी जातो.

आमची मुलगी २००४ च्या एप्रिलमध्ये जन्मली, एका खासगी नर्सिंग होममध्ये. पहिल्याच रात्री बाईला आराम हवा म्हणून तिला पावडरचं दूध पाजलं गेलं, आणि घरी सोडताना डब्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी हातात पडली. डब्यांची जाहिरात करायची नाही, नमुने फुकट वाटायचे नाहीत, असा कायदा १९९२ सालीच झालेला होता आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला होता. चिठ्ठीने कायदा वाचलेला नव्हता.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालं. पत्र्याखाली उकाडा, बायकोच्या छातीला चिरा पडलेल्या, पोरगी तोंड लावायची आणि सोडून रडायची. माझी आई माण तालुक्यातून बाळंतपणाला आली होती. तिने निकाल देऊन टाकला, "पान्हाच न्हाई हिला. डबा आणा."

त्याच दुपारी आक्का रजिस्टर घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही माळ्यावर जा. पण झोपू नका, ऐका." एकच खोली, मधे जुन्या साडीचा पडदा. मी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत राहिलो.

बराच वेळ ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. पोरगी झोपली होती. आक्कांनी तिला उठवलं नाही, दूध कसं अमृत असतं तेही सांगितलं नाही. आईच्या पुढ्यातली मेथी ओढून घेतली आणि निवडत बसल्या. कुठल्या गावच्या, पाऊस कसा आहे, चारा मिळतो का, एवढंच. पोरगी उठली तेव्हा बायकोला म्हणाल्या, "रोज घेतेस तशी घे. मी नुसती बघते." आणि खरंच नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "तू वाकू नकोस. पाठ टेक भिंतीला. तिला तुझ्याकडे आण, पोटाला पोट लागू दे. आता ओठाला लाव आणि थांब. तोंड उघडलं तरी थांब. अजून मोठं उघडू दे. जांभई देतात तेवढं. हां, आता." जरा वेळाने, "हनुवटी टेकली? खालचा ओठ बाहेर वळला? नुसतं बोंड तोंडात नको, काळा भागही जाऊ दे." मग विचारलं, "आता दुखतंय?"

बायकोने उत्तर द्यायला वेळ घेतला. "नाही," म्हणाली, आणि रडायला लागली. पडद्याआड पोरगी गिळत असल्याचा आवाज येत होता. मला तो माळ्यावर ऐकू आला.

नंतर आक्कांनी कारण सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा तसं. दूध जेवढं ओढलं जाईल तेवढं बनतं. पावडरने पोट भरलं की मूल कमी ओढतं, कमी ओढलं की कमी बनतं, आणि मग डब्याशिवाय भागत नाही असं सगळ्यांना खरंच वाटायला लागतं. रात्रीचं पाजणं तर मुळीच चुकवायचं नाही, त्यावर दिवसाचं दूध उभं असतं. पहिल्या दिवसांतला चीक पिळून टाकायचा नाही, थेंब थेंब असला तरी.

आई हे सगळं तोंड आवळून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आमी काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" इथे मी काही सांगायला गेलो असतो तर भांडणच झालं असतं. आक्का म्हणाल्या, "म्हणून तर मावशी, तुमच्यावर एक काम सोपवते. ही पोर दिवसरात्रीत किती लंगोटं ओली करते ते तुम्ही मोजायचं. वरचं काही न देता सहा झाली की समजायचं, दूध पुरतंय. कमी झाली तर मला बोलवा." दूध पोटात किती गेलं ते कुणाला दिसत नाही. लंगोटं मात्र दोरीवर दिसतात. दुसऱ्या दिवसापासून आई गल्लीत दोरीखाली उभी राहून मोजायला लागली. आठ-दहा दिवसांत शेजारणींना सांगू लागली, "न्हाई कशी म्हंता, हिला ग्वाड पान्हा हाय. कालच्याला आठ झाली." डब्याची मागणी करणारी बाई आठवड्यात दुधाची वकील झाली, आणि तिला कुणी हरवलं असं तिला वाटलंही नाही. मला विचाराल तर समुपदेशन म्हणतात ते एवढंच, बाकी नुसती पत्रकं.

पत्रकांवर मी बोलतो, कारण ती मीच जुळवत होतो. माझी नोकरी लोअर परळच्या एका प्रेसमध्ये, संगणकावर मजकूर लावायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, त्याची घडीपत्रकं जुलैत आमच्याकडे यायची. निळा रंग, मांडीवर गोरंपान बाळ, 'आईचे दूध म्हणजे अमृत'. त्यांतूनच मला बाकीचं कळलं. आमच्यापासून चालत जाता येईल अशा सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुधाची पेढी सुरू केली, ती देशातली पहिली, हेही एका पत्रकाचा मजकूर लावताना वाचलं. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना डबा-बाटलीऐवजी आईचं किंवा दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळावं म्हणून ती पेढी. पुढे १९९९ मध्ये त्यांनी 'स्नेहा' संस्था काढली, कारण वस्तीतल्या घरात जे घडतं ते वॉर्डात उशिरा पोचतं. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मुलांची घरी जाऊन काळजी घेता येते, हे त्याच वर्षी जगासमोर मांडलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, त्यामागे ते काम आहे. आक्कांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं.

उन्हाळा वाढला तसा पाण्याचा प्रश्न आला. "एवढ्या उकाड्यात मोठ्या माणसाला घशाला कोरड पडतीया, लेकराला घोटभर पाणी नगो?" आईचं म्हणणं कुणालाही पटेल असं होतं. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं आणि मूल तहान लागली की जास्त वेळा ओढतं, हे आक्कांनी सांगितलं. पण त्याआधी तिला बाहेर नेऊन आमची पाण्याची नळी गटारातून कशी येते ते दाखवलं. त्यानंतर बाळगुटीची सहाणही आईने आपणहून फळीवर ठेवून दिली.

त्या फेरीत आक्का माझ्याकडे वळल्या. "पाणी पहाटे कोण भरतं?" बायको भरायची. "आणि गठ्ठा कोण पुरा करतं?" बायकोच. "मग दादा, दूध कुठून येणार? पाणी उद्यापासून तुम्ही भरा. संध्याकाळी आल्यावर धागे तोडायला बसा. कात्री चालवता येते ना?" पहाटेच्या नळावर बायकांच्या रांगेत हंडा घेऊन उभं राहण्याची लाज मला आठवडाभर पुरली. धागे मात्र मी बरे तोडायचो. त्या सहा महिन्यांत पोरगी निव्वळ आईच्या दुधावर वाढली असं आम्ही म्हणतो. निव्वळ आईच्या जिवावर ती वाढू नये, हे आक्कांनी पाहिलं.

सगळीकडे असं जमत नसे. पलीकडच्या घरातली एक बाई माहीमला घरकामाला जायची. दीड महिन्यात ती कामावर गेली, नाहीतर कामं गेली असती. बाळंतपणाची भरपगारी रजा २०१७ मध्ये सव्वीस आठवड्यांची झाली, ती असल्या बायकांना आजही नाही. आक्कांनी तिला दूध हाताने पिळून स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवायला शिकवलं, सासूला वाटी-चमच्याने पाजायला शिकवलं. काही दिवस जमलं, मग मेच्या उन्हात दूध नासायला लागलं आणि दुपारी डबा सुरू झाला. आक्का ओरडल्या नाहीत. पाणी उकळायचं कसं, पावडर मोजायची कशी, बाटली का नको, हे दाखवलं आणि सकाळ-संध्याकाळचं नि रात्रीचं अंगावरचं पाजणं टिकवलं. नियमापेक्षा मूल मोठं, हे त्यांना कुणी प्रशिक्षणात शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

उष्टावणाला पुन्हा पेच पडला. आमच्याकडे मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, आणि आईने पाचवा महिना धरला होता. आक्कांनी बोटं मोजली. "सहा पुरे झाले की सातवा लागतो ना मावशी? सातवा विषमच की." आईने मान डोलावली. सातव्या महिन्यात पोरीने मऊ खिचडी खाल्ली आणि आईच्याच अंगावर थुंकली.

नंतर सरकारच्या देशभरातल्या आरोग्य पाहणीचे आकडे वाचताना मला एक गोष्ट दिसली. सहा महिन्यांखालच्या मुलांमध्ये निव्वळ आईच्या दुधावर असलेल्यांचं प्रमाण देशात २०१५-१६ मध्ये सुमारे ५५ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते जवळपास ६४ झालं. जन्मानंतर पहिल्या तासात पाजलेल्यांचं प्रमाण मात्र ४२ च्या आसपास होतं तिथेच राहिलं. बहुतेक बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. म्हणजे पहिला तास दवाखान्यांच्या हातात, पुढचे महिने घराच्या आणि घरोघर जाणाऱ्या बायकांच्या. कोणती बाजू हलली ते आकडेच सांगतात.

२०२३ च्या डिसेंबरात अंगणवाडी सेविकांचा राज्यभर संप सुरू झाला, तेव्हा आक्का निवृत्तीला टेकल्या होत्या. तरी आझाद मैदानात बसल्या. मी भाकरी आणि पिठलं घेऊन गेलो. सोबत मुलगी होती, कॉलेजातली. आक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हिचं हिमोग्लोबिन कधी तपासलंत?"

सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. आक्कांचा अर्ज मी लिहून दिला. सेवेची वर्षं मी रजिस्टरवरून घातली होती. त्यांनी चष्मा लावून ती तपासली, नेमणुकीची तारीख चुकीची निघाली, ती दुरुस्त करून पुन्हा प्रिंट काढली. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर नाही. कार्यालयात बाबूने झेरॉक्स पुन्हा मागितल्या आहेत. सोमवारी अर्धी रजा टाकून मी त्यांना घेऊन जाणार आहे.