कालनिर्णय घेऊन काठमांडूत

नेपाळला सणासुदीला जायचं म्हटलं की लोक तारखांची यादी मागतात. मराठी माणसाने खिळ्यावरचं कालनिर्णय काढून पिशवीत टाकावं, काम भागतं. हरतालिका, अनंत चतुर्दशी, घटस्थापना, भाऊबीज, दत्तजयंती, सगळ्या तिथी त्याच. फक्त वद्य पक्षात महिन्याचं नाव घसरतं. आपण अमान्त, ते पूर्णिमान्त. त्यामुळे आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्र कृष्ण. शिवाय त्यांचं घड्याळ आपल्याहून पंधरा मिनिटं पुढे. एखादी तिथी नेमकी काठावर आली तर दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून तिथल्या पात्रोत, म्हणजे त्यांच्या पंचांगात, एकदा डोकावलेलं बरं.

*

तिथी सणापुरती. कचेरी, शाळा, पगार सगळं विक्रम संवताच्या सौर महिन्यांवर चालतं. वर्ष सुरू होतं एप्रिलच्या मध्यात, १ वैशाखला. महिना कधी २९ दिवसांचा, कधी चक्क ३२ चा. संक्रांत मात्र या हिशेबात सोपी : १ माघ. त्या दिवशी तिळाचे लाडू, तूप, तरुल नावाचा कंद आणि चाकू खातात. दचकू नये, चाकू म्हणजे उसाच्या रसाचा घट्ट आटवलेला गूळ.

*

नारळी पौर्णिमा. समुद्र नाही, त्यामुळे नारळाचा प्रश्नच नाही. जानवं बदलतात, मनगटाला दोरा बांधून घेतात आणि काठमांडू खोऱ्यातल्या मूळच्या नेवारांच्या घरांत क्वाँटी शिजते : नऊ कडधान्यं मोड आणून केलेली पातळ उसळ, वर ओव्याची फोडणी. शेतकरी याच दिवशी शेतातल्या बेडकांना भात वाढतात. पाऊस बोलावणाऱ्याचा पाहुणचार.

दुसऱ्या दिवशी गाईजात्रा. हिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पर्यटकांच्या माहितीपत्रकात हिला ‘विनोदाचा सण’ म्हणतात आणि माणूस हसायच्या तयारीने जातो. प्रत्यक्षात वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं, त्या घराने गाय किंवा गाईचा वेष केलेला मुलगा रस्त्यावर फिरवायचा असतो. गाय मृताला वैतरणी पार करून देते ही समजूत आपल्याकडेही आहेच. मुलाच्या डोक्यावर कागदाची गाय, गळ्यात हार, सोबत घरची माणसं. वाटेत लोक त्याला फळं, दूध, सुटे पैसे देतात. भक्तपूरला बांबूचे उंच सांगाडे कापडात गुंडाळून त्यावर मृताचा फोटो लावतात आणि पुढे पोरं काठ्यांवर काठ्या आपटत नाचतात.

गोष्ट सांगतात ती प्रताप मल्लाची. सतराव्या शतकातला काठमांडूचा राजा. मुलगा गेला, राणी सावरेना. राजाने फर्मावलं, ज्याच्या घरी यंदा मरण झालंय त्याने राजवाड्यासमोरून जावं; राणीला कळू दे, ती एकटी नाही. पण रांग बघून राणी आणखीच गप्प. मग सोंगं आली, राज्यकर्त्यांची टवाळी आली, आणि ती हसली. तिथून या दिवशी थट्टेला मोकळीक. पंचायत राजवटीत, म्हणजे राजाने पक्षांवर बंदी घातलेल्या काळात, एरवी जे छापता येत नसे, ते गाईजात्रेच्या नावाखाली छापलं जाई.

फोटोवाल्या सांगाड्याच्या तोंडावर मोबाइल धरणारे प्रवासी दिसतात. तेराव्याला कुणाच्या घरात आपण असं शिरू का?

*

हरतालिका तिथे नुसती तीज. उपास कडकच, पण आदल्या रात्री ‘दर’ : माहेरी जाऊन पोट फुटेस्तोवर खाणं. दुसऱ्या दिवशी पशुपतिनाथाच्या आवारात लाल साड्यांचा पूर. तीजेची गाणी भोंडल्याच्या जातीची, सासूची उणीदुणी काढणारी; अलीकडे त्यांत महागाई आणि पुढारीही आले आहेत. ऋषिपंचमीला ३६५ आघाड्याच्या काड्यांनी दात घासण्याचा विधी आहे. आपण आघाडा पत्रीपुरता ठेवला.

*

अनंत चतुर्दशीला पुण्यात गणपती पाण्याकडे निघालेले असतात, तेव्हा काठमांडूत एक लहान मुलगा गणेश होऊन रथात बसतो. दुसरा मुलगा भैरव, आणि तिसऱ्या, मोठ्या रथात कुमारी. शाक्य कुळातली, कुमारीघरात राहणारी जिवंत देवी. हा इंद्रजात्रेचा मुख्य दिवस. इंद्र आईसाठी पारिजातक चोरायला उतरला, लोकांनी चोर म्हणून बांधला. आई सोडवायला आली आणि बदल्यात धुकं देईन, यंदाच्या मृतांना स्वर्गात नेईन, असं कबूल केलं. म्हणून इथेही गेलेल्यांसाठी जुन्या नगराच्या वेशीवरून दिवे लावत फिरतात. हनुमान ढोका या जुन्या राजवाड्याजवळचा श्वेत भैरवाचा प्रचंड मुखवटा एरवी जाळीआड असतो, या दिवसांत उघडतो. त्याच्या तोंडातल्या नळीतून जाँड, म्हणजे तांदळाची घरगुती बियर, वाहते आणि खाली तरुणांची झुंबड.

१७६८ साली याच जात्रेत शहर गाफील असताना गोरखाचा राजा पृथ्वीनारायण शाह आत शिरला आणि जिंकला. शाहांचं राज्य २००८ साली गेलं. आता कुमारीच्या जात्रेला राष्ट्रपती येतात.

एकच सण बघायचा असेल तर हा बघावा.

*

दशैंला जाऊ नका, निदान बसच्या भरवशावर तरी. घटस्थापना ते कोजागिरी, पंधरा दिवस. काठमांडू गावोगावी रिकामं होतं, दुकानं बंद, खानावळी बंद. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवस बिस्किटं आणि वायवाय नूडल्स खाल्ले. तिसऱ्या दिवशी लॉजवाल्या दिदीने जेवायला बोलावलं आणि दही-तांदूळ-अबीर कालवून कपाळभर लाल टीका लावली. कानामागे जमरा खोचला. जमरा म्हणजे घटातले जवाचे कोंब, अंधारात वाढवलेले म्हणून पिवळे. आमच्या गावी म्हातारे हेच कोंब टोपीत खोचायचे, हे तिला सांगितलं तर तिला मुळीच नवल वाटलं नाही.

खंडेनवमीला आपण गाडीला झेंडू बांधतो. तिथे चाकांवर बोकडाचं रक्त शिंपडतात. २००७ साली तर सरकारी विमान कंपनीने बिघडलेल्या बोईंगपुढे दोन बोकड कापले होते. त्याच नवमीला काठमांडूच्या तलेजू मंदिराची दारं लोकांसाठी उघडतात, वर्षातून एवढीच.

गच्च्यांवर पतंग, काटल्यावर ‘चङ्गा चेट!’

*

तिहार. धनत्रयोदशीला कावळा, नरकचतुर्दशीला कुत्रा, मग गाय, भाऊबीजेला भाऊ. हार घातलेल्या कुत्र्यांचे फोटो जगभर गेलेत. पाडव्याची म्ह पूजा फारशी कुणाला ठाऊक नाही : नेवार घरात जमिनीवर प्रत्येकाच्या नावाचं मंडल काढून, त्यापुढे बसून माणूस स्वतःच्याच देहाची पूजा करतो. त्याच दिवशी त्यांचं नेपाळ संवत बदलतं, जे इ. स. ८७९ पासून चालत आलं आहे.

*

दत्तजयंतीला योमरी. तांदळाच्या पिठीची पारी, आत चाकू आणि तीळ, वाफवलेली. उकडीचा मोदकच, फक्त माशासारखा लांबट आणि शेपटीचा.

*

कालनिर्णय हरलं ते काठमांडूशेजारच्या पाटणला. रातो मच्छिंद्रनाथाचा रथ, सुमारे साठ फुटी, वेताने बांधलेला, वैशाखात निघतो. नवनाथांची पोथी वाचणाऱ्या घरातला असल्याने मला ओढ होती. बौद्धांना तो करुणामय अवलोकितेश्वर, शेतकऱ्यांना पावसाचा देव. रथ कलतो, अडतो, दोर तुटतो. २०१५ च्या बारा वर्षांनी येणाऱ्या मेळ्यात भूकंप झाला तेव्हा तो बुंगमतीच्या वाटेवर होता आणि कित्येक महिने तिथेच राहिला. जावलाखेलला पोचल्यावर देवाकडचा रत्नजडित भोटो, म्हणजे बंडी, चारी दिशांना दाखवतात. एका शेतकऱ्याने नागराणीचे डोळे बरे केले, बक्षीस मिळालेली बंडी भुताने चोरली, भांडण देवापुढे आलं. ज्याच्याकडे पुरावा त्याने घेऊन जावी. अजून कुणी आणलेला नाही.

बंडी दाखवायचा दिवस ज्योतिषी साइत, म्हणजे मुहूर्त, बघून ठरवतात. रथाजवळच्या एका दाइला, म्हणजे दादाला, विचारलं, कधी? त्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, आइतबार होला. माझं परतीचं तिकीट शनिवारचं होतं.