मधली अकरा मिनिटं

केप ओटवेचा पांढरा दीपस्तंभ डाव्या पंखाखाली आला, की मी लगेच समुद्राकडे वळत नाही. जमिनीवरच एक घिरटी घालते, कधी दोन. अल्टिमीटर ९५०० फुटांवर स्थिरावला, तेलाचा दाब आणि तापमान हिरव्या पट्ट्यात आहे, दोन्ही टाक्यांतलं इंधन मनाशी धरलेल्या आकड्याशी जुळतंय, एवढं पाहून झाल्यावरच विमानाचं नाक बास सामुद्रधुनीकडे वळवते. दिवस स्वच्छ असेल तर पलीकडे किंग आयलंडची काळपट रेघ दिसते.

मेलबर्नच्या मूरॅबिन विमानतळावरून इथवर यायला तासभर लागतो. त्या तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खाली किनारा असतो, काही झालंच तर उतरायला एखादं कुरण, एखादी वाळूची पट्टी सापडते. पुढे तसं नसतं.

ओटवेपासून बेटाच्या उत्तर टोकापर्यंत, म्हणजे केप विकमपर्यंत, सुमारे ९० किलोमीटर पाणी आहे. माझं विमान सेस्ना १७२, चार जणांचं, एका इंजिनाचं. इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं कोसळत नाही, एक फूट उतरताना साधारण नऊ फूट पुढे तरंगत जातं. ९५०० फुटांवरून जवळजवळ २६ किलोमीटर. अलीकडचे २६ आणि पलीकडचे २६ वजा केले की मध्ये ३८ किलोमीटर उरतात, तिथून कुठलाच किनारा गाठता येत नाही. ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने ती ११ मिनिटं होतात. ढगांनी ३५०० फुटांवर दाबून ठेवलं तर त्याचीच २१ होतात. हा हिशेब मी आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मांडते आणि सकाळी वाऱ्याचा अंदाज आला की पुन्हा मांडते.

वारा नव्या वैमानिकाला चकवतो. जिथून मागे फिरायला आणि पुढे जायला सारखाच वेळ लागतो, ती जागा बरोबर मध्यावर असेल असं वाटतं. पण वारा समोरून असला की ती बेटाकडे सरकते, कारण मागे फिरलं की तोच वारा पाठीशी येतो. अर्ध्याहून जास्त पाणी मागे पडलेलं असतं, मन म्हणतं पुढेच चल, आणि कागद सांगतो की अजूनही परतणंच लवकरचं आहे. मी कागदाचं ऐकते.

शिडाच्या जहाजांच्या काळात याच ९० किलोमीटरच्या फटीला सुईचं नेढं म्हणत. इंग्लंडहून मेलबर्नला येणारी जहाजं आठवडेच्या आठवडे जमीन न पाहता येत आणि शेवटी ओटवे आणि किंग आयलंड यांच्या मधून त्यांना अचूक शिरावं लागे. ‘कॅटराकी’ हे स्थलांतरितांचं जहाज ४ ऑगस्ट १८४५ च्या पहाटे बेटाच्या नैर्ऋत्येला खडकांवर आदळलं. चारेकशे माणसं गेली, ९ वाचली. त्याआधी काही दिवस आभाळ भरलेलं होतं, कप्तानाला सूर्याचा वेध घेता आला नव्हता आणि अंदाजाने काढलेली जागा चुकली होती. ओटवेचा दिवा १८४८ मध्ये लागला, विकमचा ४८ मीटर उंच दीपस्तंभ १८६१ मध्ये. आज माझ्या मांडीवरच्या पडद्यावर माझी जागा दाखवणारा ठिपका सरकत असतो. तरीही मी कागदी नकाशावर पेन्सिलीने वेळा लिहीत जाते, आणि लिहिताना पुष्कळदा तो कप्तान मनात असतो.

आणखी एक नाव या वाटेवर टाळता येत नाही. ऑक्टोबर १९७८ मध्ये २० वर्षांचा फ्रेडरिक व्हॅलेंटिच मूरॅबिनहून किंग आयलंडला निघाला आणि ओटवेच्या पुढे, अंधारून येताना, विमानासकट नाहीसा झाला. आपल्यावर काहीतरी घिरट्या घालतंय असं तो रेडिओवर सांगत होता, म्हणून लोक मला उडत्या तबकड्यांबद्दल विचारतात. मला त्या मुलाचं वय आठवतं. सूर्य मावळतीला टेकल्यावर मी ही सामुद्रधुनी ओलांडत नाही.

गेल्या वर्षी बाबा आले होते. हर्णै बंदरात त्यांनी तीस वर्षं तांडेलकी केली. मी लहान असताना ते दर्यावर आणि आई माशांच्या लिलावात, असा आमचा दिवस जायचा. मला त्यांनी कधी होडीवर नेलं नाही. आता मी त्यांना माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला.

“हे आत असताना फुगवायचं नाही, बाबा. बाहेर पडल्यावरच दोरी ओढायची. नाहीतर छताला चिकटून बसाल.”

“आणि इंजिन थांबलं तर?”

“तर पाण्याला टेकायच्या आधी दोन्ही दारं उघडायची. आणि लाटांच्या ओळीला समांतर उतरायचं, लाटेच्या लांबीने. लाट समोरून घेतली तर विमान नाकावर उलटतं.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “होडीच्या अगदी उलट,” म्हणाले. “आम्ही लाट नाळेवर घेतो. आडवी आली की संपलं.”

त्या दिवशी आम्ही बेटावर पोचलो नाही. ओटवे सोडून चार-पाच मिनिटं झाली असतील, तोच समोरच्या पाण्याचा आणि आभाळाचा रंग एकच राखाडी झाला. क्षितिज पुसलं गेलं. असं झालं की शरीर खोटं सांगायला लागतं, पंख कललेला असतानाही सरळ वाटतं. अजून किनारा तरंगत गाठण्याइतका जवळ होता. मी वळले. बाबांना बेट दाखवायचं म्हणून महिनाभर आखणी केली होती, त्यामुळे वळताना घसा दाटला होता. ओटवेचं जंगल पुन्हा खाली आल्यावर ते म्हणाले, “एकदा भरल्या टाकीचं डिझेल जाळून रिकामा परतलो होतो. वारा आवडला नव्हता. तुझी आई काही बोलली नाही, चहा टाकला.”

तीन दिवसांनी पुन्हा निघालो. हवा दमट होती, पण दृष्टी लांबवर पोचत होती. किनारा दूर गेला की प्रत्येक वैमानिकाला इंजिनाचा आवाज बिघडल्यासारखा वाटतो. तो भास असतो, मला अजूनही होतो, म्हणून मी कानांवर न थांबता काट्यांकडे पाहते. त्या दिवशी मात्र बाबांनी माझ्या आधी मान वळवली.

“आवाज बसला.”

फेऱ्यांचा काटा २४०० वरून २२५० कडे उतरत होता. दमट हवेत कार्ब्युरेटरच्या गळ्याशी बर्फ धरतो. बाहेर उबदार असलं तरी धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम थंड पडते. उपाय एकच, कार्ब हीटचा नॉब पूर्ण बाहेर ओढायचा. ओढला की गरम हवेने फेऱ्या आणखी कमी होतात, मग वितळलेलं पाणी आत जातं आणि इंजिन खोकतं, सगळं विमान थरथरतं. नवखा माणूस इथे घाबरून नॉब परत आत ढकलतो. हात तसाच ठेवावा लागतो. मी ठेवला. बाबा माझ्या हाताकडे पाहत होते. वीस सेकंद गेली असतील, मग काटा चढला आणि आवाज भरून आला. मी रेडिओवर ठरलेल्या वेळेचा निरोप दिला, आवाज नेहमीसारखा निघाला याचं मला बरं वाटलं.

विकमचा दीपस्तंभ ओलांडून आम्ही बेटावरच्या करी गावाजवळच्या धावपट्टीवर उतरलो. पश्चिमेचा वारा इथे झाडांना सरळ वाढू देत नाही. धावपट्टीच्या कडेच्या गवतात वॉलबी असतात, त्यामुळे चाकं टेकेपर्यंत कडेवर नजर ठेवावी लागते.

दुपारी पश्चिम किनाऱ्यावर गेलो. वादळानंतर इथे बुल केल्प हे जाडजूड समुद्रशेवाळ वाहून येतं, चामड्यासारखं चिवट. माणसं ते ओढून गाडीत घालतात, टांगून वाळवतात आणि विकतात. बाबा उकिडवे बसून त्याचा एक पट्टा बोटांत फिरवत राहिले. वास, वाळवणं, विकणं, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

विमानाकडे परतताना त्यांनी विचारलं, “जाताना तेवढ्याच उंचीवरून?”

“नाही. या दिशेला नियम वेगळा आहे, ८५०० फूट.”

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. “म्हणजे मधलं अंतर वाढलं.”

“हो. अकराची तेरा मिनिटं.”

ते विमानापाशी आले, सीटवरचं लाइफ जॅकेट उचललं आणि मी सांगायच्या आत स्वतःच पट्टा आवळायला लागले.