शांततेचे दुकान

कोल्हापुरात गंगावेशीपासून हाकेच्या अंतरावर, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर, ध्वनिमुद्रणाचा एक लहानसा स्टुडिओ आहे. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. जाहिरातीसाठी त्रैमासिकात वेगळी पाने असतात. दोन खोल्यांचा हा संसार. आतली खोली गाणाऱ्यांची, बाहेरची यंत्रांची आणि मालकांची. मध्ये दुहेरी काचेची खिडकी. भिंतींना ग्लासवूलच्या गाद्या व त्यांवर तागाचे कापड, जमिनीवर सतरंज्या, दाराच्या चौकटीला रबराची पट्टी. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवले की आवाज आत येत नाही, अशी एक समजूत गावभर पसरलेली आहे. मालक त्यावर हसतात. "फादर, त्यानं खोलीतला घुमारा जरा कमी हुतो, बास. आवाज अडवायचा तर भिंतीला वजन पाहिजे, आणि फट बुजवाय पाहिजे. जिथनं वारा येतोय, तिथनं आवाज येतोय."

या खोलीत काय विकले जाते, असा प्रश्न कुणी केला तर आम्ही म्हणू, शांतता. आणि ती मोठ्या कष्टाने पैदा करावी लागते. सकाळ-संध्याकाळ गंगावेशीत धारोष्ण दुधासाठी म्हशी येतात. त्यांच्या मागे रिक्षा खोळंबतात आणि हॉर्न सुरू होतात. देवळातली घंटा, शेजारच्या स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी, खाली चाकाच्या आऱ्यांवर पडणारी हातोडी, साऱ्यांची वेळ मालकांना तोंडपाठ आहे. सायकलवाल्याशी त्यांचा करारच झालेला आहे: माडीवरून दोरी हलली की ठोकाठोकी थांबवायची, पुन्हा हलली की सुरू करायची. महिन्याकाठी त्याचे चहापाणी स्टुडिओकडे. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की मात्र कोणताही करार चालत नाही. त्या दिवसांत गाण्याचे काम रात्री उशिरा, पावसाने उसंत घेतल्यावर होते. ध्वनिमुद्रण चालू असता आतला पंखाही बंद ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत चार मिनिटांचे गीत आटोपून बाहेर येणारा गायक घामाने निथळत असतो, आणि श्रोत्याला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या धर्मग्रामाच्या नाताळगीतांच्या निमित्ताने गेली काही वर्षे आमचे तेथे जाणे-येणे आहे. गायकवृंद सराव करीत असता आम्ही बाहेरच्या खोलीत बसून मालकांचे काम न्याहाळतो. सकाळी यंत्रे सुरू करण्यालाही एक क्रम आहे: सर्व उपकरणे आधी, स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना स्पीकर सर्वांत आधी. हा क्रम चुकला तर जो धक्का बसतो त्याने स्पीकरचा पडदा फाटू शकतो. मायक्रोफोन लाकडी पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह झोपलेले असतात. दमट हवा त्यांना बाधते. तबल्याची पुडी व वाद्या पावसाळ्यात सैलावतात, म्हणून त्याच्याजवळ एक दिवा जळत असतो. वायरी कोपराभोवती पिळून गुंडाळल्या तर आतून तुटतात. त्या एकदा सुलट, एकदा उलट अशा वळशांनी गुंडाळतात. स्टुडिओतील तक्रारी बहुतेक वेळा महागड्या यंत्रात नसतात, चार पैशांच्या तुटक्या सांध्यात असतात, असे मालकांचे म्हणणे. हाताशी डागणीची कावीय नेहमी तापलेली असते.

मग गिऱ्हाईक येते. पोवाड्याचे शाहीर आपल्या झीलकऱ्यांसह येतात; डफाचा पहिला फटका ऐकूनच मालक मायक्रोफोन दोन हात मागे सरकवतात. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बाई मुलांना रांगेत घेऊन येतात. भाजीची गाडी फिरवणारा एक तरुण "ताजी मेथी, ताजी कोथिंबीर" अशी आपली आरोळी मुद्रित करून नेतो, कारण दिवसभर ओरडून घसा बसतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेची गाणी, आणि निवडणुका आल्या की उमेदवारांची. एका प्रभागातील दोन प्रतिस्पर्ध्यांची गाणी एकाच दिवशी, सकाळी एकाचे व संध्याकाळी दुसऱ्याचे, आणि ढोलकी दोघांना एकच, असेही तेथे घडलेले आहे. या कामाचे पैसे मात्र आधी घेतात. "हरलेला भेटत न्हाई, फादर, आणि जिंकलेला वळखत न्हाई."

कधी कुणी गाजलेल्या चित्रपटगीताची चाल घेऊन येतो आणि म्हणतो, शब्द आमचे आहेत. मालक विचारतात, "चाल कुणाची?" १९५७ च्या कायद्यानुसार संगीतकाराचा आपल्या रचनेवरील हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे. हे आम्ही आमच्या गायकवृंदाच्याही कानी घातले. भक्तीचे शब्द बसवले म्हणून दुसऱ्याची चाल आपली होत नाही.

कामाची रीत साधारण अशी. आधी संगणकात ठेक्याची टिकटिक लावायची. तिला हे लोक 'क्लिक' म्हणतात. तिच्या आधाराने कुणीतरी कच्चे गाऊन ठेवतो. त्यावर तबला-ढोलक, मग पेटी, बासरी, आणि अखेर खरा गळा. प्रत्येक जण वेगळा येतो, कानाला हेडफोन लावून, आधीच्यांचे ऐकत आपले वाजवून जातो. तबलजी व गायक यांची गाठही पडत नाही. लाभ असा की एकाचे चुकले तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागत नाही. गळ्यासमोर कापडाची एक चकती असते, 'प', 'फ', 'भ' म्हणताना बाहेर पडणारा वारा अडवण्यासाठी. 'स' आणि 'श' यांची धार नंतर यंत्राने बोथट करतात. आवाजाच्या लाटेची उंची एका सेकंदात ४८,००० वेळा मोजून लिहून ठेवली जाते. मनुष्याचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा व्हावी लागते, एवढेच त्यामागचे गणित. एका गळ्याच्या एका मिनिटाला आठ मेगाबाइटहून अधिक जागा लागते; वीस पदरांचे पाच मिनिटांचे गीत आठशेच्या वर जाते. पूर्वी हेच काम टेपवर चाले. मालकांनी तरुणपणी ज्या वस्तादांकडे उमेदवारी केली ते टेप ब्लेडने तिरकी कापून, चिकटवून, चुकलेली ओळ काढून टाकीत. कापलेला तुकडा परत जोडण्याची सोय फारशी नसे, म्हणून कापण्यापूर्वी दहादा ऐकत.

या शहराला ध्वनिमुद्रण नवे नाही. १९२९ साली येथे प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट तिने येथेच तयार केला. राजा हरिश्चंद्राची भूमिका व संगीत, दोन्ही गोविंदराव टेंबे यांचे. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. नट कॅमेऱ्यापुढे स्वतः गात, आणि साथीदार वाद्ये घेऊन चौकटीच्या बाहेर दडून बसत. सारे एकाच वेळी, एकाच श्वासात. कुणी खोकला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि याच शहराची एक रुखरुख आहे. उस्ताद अल्लादिया खाँ राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे राहिले, १९२२ साली महाराजांचे निधन होईपर्यंत. जयपूर-अत्रौली घराण्याचे ते प्रवर्तक. ध्वनिमुद्रिका काढण्याची कला त्यांच्या हयातीत हिंदुस्थानात येऊन चार दशके लोटली होती. तरी १९४६ साली खाँसाहेब गेले ते आपला गळा सोबत घेऊन. त्यांचे गाणे कसे होते हे जाणायचे तर शिष्यांच्या गळ्यातून अंदाज बांधावा लागतो. त्यांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत अंतराळात गेली. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला पृथ्वी सोडली आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. शिष्येचा सूर ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचला आहे. गुरूचा सूर कोल्हापुरातही उरला नाही.

हे सारे मनात होते म्हणूनच आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींना स्टुडिओत घेऊन गेलो. मावशींनी ऐंशी ओलांडली आहे. नाताळची, उपवासकाळातील, पवित्र मरियेची अशी चौदा-पंधरा जुनी गीते त्यांना येतात. शब्द एका जीर्ण वहीत आहेत. चाली कोठेच लिहिलेल्या नाहीत. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन महासभेने उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि त्यात लोकांच्या स्वतःच्या संगीत-परंपरेला मान देण्यास सांगितले. परंतु आमच्या बायाबापड्या ओवी-भजनाच्या वळणाने प्रभूचे गुण गात होत्याच. त्यांना दस्तऐवजाची वाट पाहावी लागली नव्हती. त्या वळणाच्या गाणाऱ्यांपैकी आमच्याकडे या एकट्याच उरल्या आहेत.

पहिला तास वाया गेला म्हणावा असा. हेडफोन लावताच मावशी गप्प झाल्या. "ह्यात माजाच आवाज माज्यावर वरडतोय रं लेकरा." क्लिक सुरू केली तर त्या तिच्यामागे धावू लागल्या आणि दम लागून थांबल्या. मालकांनी काहीही न बोलता क्लिक बंद केली, हेडफोन काढून घेतला, उभा मायक्रोफोन खाली आणला आणि सतरंजीवर त्यांना बसवले. सेमिनरीत आम्हांला ग्रेगोरियन गायनाचे थोडे शिक्षण मिळाले होते. त्या गायनाला बांधलेला ताल नसतो. शब्दाचा श्वास हाच त्याचा ठेका. मावशींचेही तसेच असावे असे आम्हांला वाटले. पण मावशींचा ठेका हातात होता. टाळी वाजवल्यावाचून त्यांना चालच आठवेना. गायकवृंदातील मुलगा म्हणाला, टाळी मायक्रोफोनमध्ये येईल. मालक म्हणाले, "यिऊ दे."

तरीही गीत पुढे सरकेना. मावशी एक ओळ म्हणत आणि थांबत. दुसरी म्हणत आणि पुन्हा थांबत. आम्हांला वाटले, विस्मरण झाले. चौथ्या ओळीला त्या वैतागल्या आणि काचेपलीकडे पाहून म्हणाल्या, "म्हणा की गं!"

त्या गीताला उत्तर द्यावे लागते. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आणि ती उचलली जाईतो पहिलीने श्वास घ्यायचा. एकट्या गळ्याचे ते गाणेच नव्हे. ज्या खोलीत प्रत्येकाला वेगळे काढून ऐकतात, त्या खोलीत आम्ही त्यांना एकटे बसवले होते. मालकांनी आमच्या गायकवृंदातील दोन सुनांना आत पाठवले. तिघी समोरासमोर बसल्या आणि सायंकाळपर्यंत अकरा गीते झाली. हेमा राईरकर व गी पॉइट्वाँ यांच्या कार्यातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही गावोगावी जाऊन झाले. आमच्या खोलीत जाते नव्हते, पण साद घालायला माणसे तरी मिळाली.

खरा वाद नंतर झाला. गायकवृंदातील तरुणांचे म्हणणे पडले की मावशींचे सूर यंत्राने नीट करून घ्यावेत. तशी सोय १९९७ पासून आहे. ऑटोट्यून या नावाने ती प्रसिद्ध आहे, आणि तिचा कर्ता आधी जमिनीखालच्या तेलाचा वेध घेण्यासाठी भूकंपलहरींचे गणित करीत असे. हे यंत्र घसरलेला सूर उचलून जवळच्या पट्टीवर बसवते. तरुणांचा हेतू वाईट नव्हता. लोक हसतील, मावशींचाच अपमान होईल, असे त्यांना वाटत होते. मालकांनी युक्तिवाद केला नाही. एक ओळ जशीच्या तशी ऐकवली. मग यंत्रातून काढून ऐकवली. मावशींच्या चालीत एक सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी राहतो आणि तेथे हलतो. यंत्राने तो वरच्या पट्टीवर नेऊन बसवला. ओळ स्वच्छ झाली, पण ती कोणाचीही झाली असती. तरुणांतील एक जण म्हणाला, "आमची आजी असं म्हणत नव्हती." निर्णय तेथेच झाला. मालकांनी पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज तेवढा काढला. श्वास, टाळी, थरथर तशीच ठेवली. अशा कामात काय काढावे हे यंत्र शिकवते. काय ठेवावे ते शिकायला या गृहस्थांना तीस वर्षे लागली आहेत, आणि त्याचे बिल ते लावीत नाहीत.

ही विद्या किती दिवस तग धरील, ठाऊक नाही. कॅसेटच्या काळात यात्रेत माल खपे, आणि स्टुडिओचा धंदाही त्यावर चाले. आता विकायला वस्तूच उरली नाही. गीत मोबाइलवर फुकट ऐकले जाते आणि स्टुडिओला मिळते ते केवळ तासांचे भाडे. त्यातही मुले घरीच, कपाटात रजया टांगून, गाणी मुद्रित करतात, आणि बरी करतात. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा मालकांना आनंद आहे, पण त्यांच्या स्वतःच्या कोपऱ्यातील मिरजेचा तानपुरा वर्षातून पाच-सात वेळाच गवसणीतून निघतो. एरवी मोबाइलमधला तानपुरा लावून भागते.

मावशींच्या गीतांच्या दोन प्रती केल्या, दोन वेगळ्या डिस्कवर. एक स्टुडिओत आहे. दुसरी आमच्या कार्यालयात, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांच्या कपाटात. त्या वह्यांची शाई अजून वाचता येते. डिस्क मात्र दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी लागेल, असे मालकांनी बजावले आहे, आणि पुढच्या धर्मगुरूंसाठी तशी चिठ्ठी आम्ही कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे. डिस्कच्या पाकिटावर मालकांच्या अक्षरात तारीख, तिघींची नावे, पट्टी काळी दोन, आणि खाली एक ओळ: "तिसऱ्या गीतात 'म्हणा की गं' आहे, काढू नये."