पाण्याखालची वाट

माझी आत्या रामनगरला राहते. बेळगावहून गोव्याला जाणारा रस्ता तिच्या घराजवळून जातो. चाळीसेक वर्षे ती तिथे आहे. तरीही कोणी गाव विचारले की ‘सुपा’ म्हणते. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे सुपा हे तालुक्याचे ठाणे होते. गणेशगुडीला काळीवर १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले. त्याआधीच माणसे उठली होती. सुपा जलाशयाखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली.

डिग्गीच्या डोंगरात उगम पावणारी काळी १८४ किलोमीटर वाहत कारवारपाशी समुद्राला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यातले हे दाट रान. कुणब्यांची घरे त्यात विखुरलेली. एकाच्या अंगणातून दुसऱ्याचा धूर तेवढा दिसावा. डोंगरउतारावरची कुमरी शेती इंग्रजी अमलात बंद पडली, पण परसातले कंद टिकले. बोलणे कोंकणीत, भजन मराठीत, शाळा आणि कचेरी कन्नडमध्ये. यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी वही घेऊन आत्यासमोर बसलो. बुडालेल्या गावाचा नकाशा काढावा, असा मनसुबा होता. मी आधी नदी काढली. ती म्हणाली, ‘‘अरे, नदी सगळ्यांनीच काढलीय. तू वाट काढ.’’ मग ती सांगत गेली. उन्हाळ्यात कोणत्या उतारावरून पलीकडे जायचे, कोणत्या कोंडीत पोरांना उतरू द्यायचे नाही, कोणत्या शेतात पेरा आधी होतो. प्रत्येक जागेला नाव होते आणि प्रत्येक नावात एक सूचना होती. जागा गेल्यावर त्या नावांना काम उरले नव्हते.

आयर्लंडच्या डिंगल द्वीपकल्पासमोरचे आयरिशभाषी ग्रेट ब्लास्केट बेट १९५३ साली रिकामे झाले. पण तिथल्याच तोमास ओ क्रोहन या कोळ्याने आपले आयुष्य आयरिशमध्ये लिहून ठेवले होते. ते पुस्तक १९२९ साली निघाले. बेट ओस पडले, तरी त्याचे बोलणे उरले. सुप्याच्या वाटा कोणी लिहिल्या असतील, तर त्या माझ्या वाचनात आलेल्या नाहीत.

नदीपलीकडची शेते काकांना ठाऊक होती. ‘‘पुढच्या खेपेस त्यांना विचार,’’ आत्या म्हणाली होती. मी पुढची खेप दिवाळीवर ढकलली. गणपतीतच काका गेले.

वहीतला नकाशा अलीकडच्या काठापर्यंतच आला आहे. पलीकडचे पान कोरे आहे. ते मी फाडलेले नाही. कोरे का राहिले, तेवढे मात्र त्यावर लिहून ठेवले आहे.