उतरती

सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत, हे मनाला एका क्षणात कळतं. शरीराला कळायला आठवडे जातात. क्युरेटिंग होऊन घरी आले, तरी छातीतला तो ठणका होताच, फोडणीचा वासही तसाच नकोसा. माझं अंग अजून कुणाची तरी वाट बघत होतं. मला त्याचा राग आला नाही, उलट मायाच वाटली.

वारेच्या कोवळ्या पेशींनी रक्तात सोडलेलं एचसीजी एका रात्रीत नाहीसं होत नाही. ते सावकाश उतरतं. काही आठवडे घरची चाचणीसुद्धा दोन रेघा दाखवू शकते. त्या दोन रेघांइतकं निष्ठुर काही मी पाहिलेलं नाही. प्रोजेस्टेरॉन ओसरलं की गर्भाशयाचं अस्तर सुटतं, कळा येतात, अंगावरून आठवडा-दोन आठवडे जात राहतं. भरून येतं ते वेगळंच. त्यात दुःख किती आणि ओसरणारी संप्रेरकं किती, हे कुणी सांगावं?

“काय उचललंस? पपई खाल्लीस का?” असं विचारणारे घरोघरी असतात. पहिल्या तिमाहीत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे राहत नाहीत. तो दोष बहुतेकदा गर्भ धरतानाच आलेला असतो, घागरीनं किंवा जिन्यानं नव्हे. हे प्रत्येक बाईला, तिनं विचारायच्या आत, कुणीतरी सांगायला हवं.

आत्यानं काहीच विचारलं नाही. शेगडी पेटवली, माझी पाठ शेकली. “हेही बाळंतपणच गं,” एवढंच म्हणाली. मग कितीतरी वेळ तिचा कढत हात कमरेवर होता, आणि आत काहीतरी सैलावत गेलं.

साधारण चार ते सहा आठवड्यांत पाळी येते. बीज त्याआधीच, कधी दोन आठवड्यांतही सुटतं. मातृत्व लाभाच्या कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. मला ती मिळाली. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईला फडावर कुठली रजा? तिथं खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. तिच्याही रक्तातलं एचसीजी असंच सावकाश उतरतं, आणि ती डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत असते.