पेरादेनियाच्या पाचोळ्यात

श्रीलंकेतील कँडी शहरापासून सुमारे सहा किलोमीटरांवर पेरादेनियाचे वनस्पती उद्यान आहे. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या या १४७ एकरांच्या उद्यानाला महावेली नदीने तीन बाजूंनी वेढले आहे. प्रवासी तेथे ताडांच्या उंच रांगा आणि ऑर्किडची फुले पाहतात. आम्हां उभयतांनाही तेच पाहायचे होते. परंतु प्राणिशास्त्र शिकविणारी भाची बरोबर होती. तिने आम्हांला दाट सावलीतील ओल्या पाचोळ्यापाशी नेले.

तिने एक कुजके पान अलगद उचलले. खाली तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी जीव हालला. ती म्हणाली, "मामा, हा आखूड शेपटीचा चाबूक-विंचू. याच गणातील शिझोमस क्रॅसिकॉडेटस ही जाती १८७२ मध्ये येथल्याच नमुन्यांवरून शास्त्राला ज्ञात झाली."

नावात विंचू असला तरी याला नांगी नाही, विषही नाही. डोळेही नाहीत. आठ पायांपैकी पुढच्या दोन लांब पायांनी तो वाट चाचपतो व उरलेल्या सहांवर चालतो. मादी जमिनीतील लहानशा पोकळीत अंडी पोटाशी धरून राखते. ओलावा हाच याचा प्राण, पाचोळा हेच घर. कुंड्यांतील मातीबरोबर याचे भाईबंद मात्र युरोपातील उष्णगृहांपर्यंत पोहोचले आहेत. व्यापाराच्या मालाबरोबर असेही प्रवासी नकळत जातात!

माझ्यातील जुना बँक अधिकारी जागा झाला. आपल्या ग्रंथांत विंचू चतुरिंद्रियांत गणला आहे; मग डोळेच नसलेला हा जीव कोणत्या खात्यात लिहावा? सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, खाते मागाहून शोधा, आधी पाय मागे घ्या." पाहतो तो माझा बूट पाचोळ्यावर रोवलेला!

ईर्यासमितीवरील व्याख्याने आजवर अनेकदा ऐकली होती. तिचा अर्थ त्या क्षणी उमगला. दृष्टिहीन जीव चाचपल्यावाचून पुढे सरकत नाही, आणि डोळस मी खाली न पाहताच उभा होतो.

आमच्या शेतघरी दरवर्षी पाचोळा पेटवून 'स्वच्छता' होत असे, आज्ञा माझीच. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या मला त्या आगीत कोण जळते, हा प्रश्न कधी पडला नाही. यंदा गडी काडेपेटी घेऊन आला, तेव्हा त्याला थांबविले. पाचोळा आंब्याच्या बुंध्याशी तसाच पडून आहे. झाडाला खत होईल, आणि खाली जे कोणी राहत असतील, त्यांचे घर राहील.