सपाट माथ्यांचे डोंगर : औंढ्याचे आणि समुद्रतळींचे

हिंगोलीहून दक्षिणेस औंढा नागनाथाकडे जाणारा रस्ता सुमारें २५ किलोमीटरांचा आहे. गेल्या श्रावणांतील एका सोमवारीं आम्ही सर्व कुटुंब, म्हणजे लहानथोर मिळून तेरा माणसें, दोन मोटारींत दाटीवाटीनें बसून त्या रस्त्यानें निघालों. पाऊस नुकताच उघडला होता. दोहों बाजूंस हळदीचीं व सोयाबीनचीं शेतें हिरवींगार दिसत होतीं आणि त्यांच्या पलीकडे टेंकड्यांच्या ओळी पसरल्या होत्या. या टेंकड्यांस शिखर असें नाहींच. पायथ्यापासून पायरीपायरीनें चढत जावें आणि वर पोहोंचल्यावर एकदम माळ लागावा, अशी त्यांची ठेवण. दुरून पाहतां एकादा मोठा चौरंग मांडून ठेवल्याचा भास होतो.

आमच्या धाकट्या बंधूंचा दहा वर्षांचा मुलगा आमच्याजवळ बसला होता. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून त्यानें विचारलें, "काका, या डोंगरांचीं डोकीं कोणीं कापलीं हो?"

आतां योग असा कीं, त्याच आठवड्यांत आम्हीं समुद्रतळावरील सपाट माथ्यांच्या ज्वालामुखी पर्वतांविषयीं एक पुस्तक वाचून संपविलें होतें. आणि नवें वाचलेलें कोणास तरी सांगितल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. आम्हीं तात्काळ ठोकून दिलें, "समुद्रानें! फार पूर्वीं हे ज्वालामुखी होते. लाटांनीं त्यांचे माथे झिजवून सपाट केले."

मुलाचे डोळे विस्फारले. तोंच मागील आसनावरून मातोश्रींचा आवाज आला, "समुद्र होता म्हणतोस, मग शंखशिंपले कुठें आहेत रे? माझें सगळें लहानपण याच डोंगरांत गेलें. गारगोट्या ओटीभर वेंचल्या. शिंपला एकही मिळाला नाहीं." आम्हीं हंसून वेळ मारून नेली. इतक्यांत औंढें आलें आणि प्रश्न तेथेंच राहिला.

नागनाथाचें देवालय वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. नामदेवरायांच्या कीर्तनासाठीं देऊळच फिरलें, ही कथा तर घरोघर ठाऊक आहे. त्यांचें नर्सी गांव याच जिल्ह्यांत कयाधूच्या कांठीं आहे. औंढ्याचें शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यांत असून तेथें अरुंद वाटेनें वांकून उतरावें लागतें. दर्शन झालें, तरी मातोश्रींचा प्रश्न मनांतून जाईना.

परततांना आमच्या मामेबंधूंच्या शेतावर उतरलों. त्यांची विहीर जुनी व खोल आहे. तिच्या कांठावरून डोकावलें असतां आंतील बाजू एकाद्या कापलेल्या वडीसारखी थराथरांची दिसते. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग काळा कठीण पाषाण, त्याखालीं बारीक छिद्रांचा ठिसूळ दगड, आणि पुन्हां कठीण पाषाण. छिद्रांच्या दगडास विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. मामेबंधु सहज म्हणाले, "समोरचा डोंगर आणि ही विहीर एकच. तिथें थर वर दिसतात, इथें खालीं." आम्हीं डोंगराकडे पाहिलें. त्याच्या अंगावरील प्रत्येक पायरी म्हणजे एक थर होता.

घरीं परतल्यावर पुस्तकें पुन्हां काढलीं, तेव्हां आमची चूक स्पष्ट दिसूं लागली. या टेंकड्या एकेकटे ज्वालामुखी कधींच नव्हत्या. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वर आला आणि पुराच्या पाण्याप्रमाणें चोहोंकडे पसरला. एक थर निवाला कीं कांहीं काळानें त्यावर दुसरा. असे थरावर थर बसून दख्खनचें पठार झालें. आजही त्या खडकानें सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे. सह्याद्रीकडे या थरांची एकूण जाडी २ किलोमीटरांच्या घरांत जाते. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-मुखेडकडील भागांत तर खालचा पुरातन ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. पुढें पावसानें व ओढ्यांनीं हें पठार चिरलें. ठिसूळ थर लवकर झिजले. कठीण थर टिकले आणि खालच्या भागावर छपराप्रमाणें राहिले. म्हणून माथा सपाट आणि अंगावर पायऱ्या. यांचीं डोकीं कोणीं कापलींच नाहींत; तीं मुळांत सपाटच होतीं. आणि मातोश्रींनीं वेंचलेल्या गारगोट्या? लाव्ह्यांतील वाफेनें पडलेल्या पोकळ्यांत मागाहून खनिजें भरून त्या झाल्या. शंखांची गोष्टही याला अनुकूलच आहे. स्टीफन हिस्लॉप या मिशनरी गृहस्थांस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळ लाव्ह्याच्या थरांमध्यें शंख सांपडले खरे, परंतु ते गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळांत तेथें तळीं होतीं, समुद्र नव्हता.

मग लाटांनीं कापलेले डोंगर आहेत तरी कोठें? ते आहेत समुद्राच्या पोटांत. दुसऱ्या महायुद्धांत हॅरी हेस नांवाचे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ एका लष्करी जहाजावर अधिकारी होते. जहाजाच्या तळाशीं ध्वनीनें खोली मोजण्याचें यंत्र असे. ध्वनि पाण्यांत सेकंदास सुमारें १५०० मीटर जातो. पाठविलेला नाद तळावर आपटून दोन सेकंदांनीं परत आला, तर खोली १५०० मीटर असा साधा हिशेब. हेस यांनीं हें यंत्र प्रवासभर चालू ठेवलें. तेव्हां हवाई व मॅरियाना बेटांच्या दरम्यान खोल तळावरून उठलेले, परंतु माथा तासल्यासारखा सपाट असलेले पर्वत कागदावर उमटूं लागले. १९४६ सालीं त्यांनीं अशा सुमारें १६० पर्वतांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि आर्नल्ड गीयो या भूगोलपंडितांच्या स्मरणार्थ त्यांना 'गीयो' हें नांव दिलें.

हेस यांचा तर्क असा कीं, हे पर्वत एके काळीं पाण्यावर डोकें काढलेलीं ज्वालामुखी बेटें होतीं; अग्नि शांत झाल्यावर लाटांनीं माथे झिजवून पाण्याच्या पातळीला आणले आणि मागाहून तीं बुडालीं. माथ्यावर पोवळ्यांचे थर नसावेत असें समजून त्यांनीं हीं बेटें पोवळ्यांचे जीव निर्माण होण्याच्याही पूर्वींचीं, म्हणजे ५० कोटींहून अधिक वर्षांचीं, ठरविलीं. १९५० मध्यें एक शोधमोहीम पॅसिफिकांत गेली. तिनें त्या माथ्यांवर लोखंडी जाळीं ओढून दगड वर काढले. त्यांत लाटांनीं घोटलेले गोटे निघाले आणि उथळ, उबदार पाण्यांत राहणाऱ्या शिंपल्यांचे व पोवळ्यांचे अवशेषही निघाले. ते सुमारें १० कोटी वर्षांपूर्वींचे होते. वाचकहो, मातोश्रींनीं मोटारींत बसून विचारलेला प्रश्न तो हाच! समुद्र होता, तर शिंपले दाखवा. पॅसिफिकच्या डोंगरांनीं ते दाखविले. औंढ्याच्या डोंगरांपाशीं ते नव्हतेच.

या शोधानें हेस यांचा कापण्याविषयींचा तर्क खरा ठरला आणि काळाविषयींचा खोटा. त्यांनीं हट्ट धरला नाहीं. १९६२ सालीं त्यांनीं नवा विचार मांडला कीं, समुद्राचा तळच मधल्या पर्वतरांगांपाशीं नव्यानें जन्मतो, दोहों बाजूंस सरकतो आणि निवत निवत खोल जातो. त्याच्या पाठीवरील बेटेंही त्याबरोबर खालीं जातात. बेट हळूहळू खचत असतां पोवळ्यांचे जीव तितक्याच वेगानें वर बांधीत राहिले, तर कंकणाकृति बेट होतें. हें डार्विननें १८४२ सालींच सांगितलें होतें. त्यांना तें साधलें नाहीं, तर उरतो गीयो.

हें सर्व दूरच्या समुद्रांतील म्हणून आपण अलिप्त राहावें असेंही नाहीं. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्राच्या तळाशीं लक्ष्मी नांवाचें खोरें आहे. तेथें 'सागरकन्या' या भारतीय संशोधन-नौकेस १९९२ सालीं असाच एक सपाट माथ्याचा पर्वत आढळला. 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' या ग्रंथाचे कर्ते, भूगर्भशास्त्रज्ञ दाराशा नौशेरवान वाडिया यांचें नांव त्याला १९९३ मध्यें देण्यांत आलें. त्याच खोऱ्यांतील दुसऱ्या एका पर्वतास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर यांचें नांव आहे. आणखी एक नातें सांगण्याजोगें आहे. ज्या खोलच्या उष्णतेनें दख्खनचा लाव्हा वर आणला, तिच्यावरूनच भारतभूमि उत्तरेस सरकत गेली आणि मागें ज्वालामुखींची माळ राहिली, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीपचीं कंकणाकृति बेटें त्याच माळेवर उभीं आहेत. आणि रियुनियन बेटावरील ज्वालामुखी अजूनही अधूनमधून पेटतो. औंढ्याची टेंकडी आणि लक्षद्वीपचा बुडालेला पाया हीं एकाच चुलीचीं अपत्यें, तरी दोघांचें आयुष्य किती निराळें!

सारखें रूप पाहून सारखें कारण मानण्याची चूक आम्हींच पहिल्यानें केली असें नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें तळें वाटोळें व ज्वालामुखीच्या खडकांत. म्हणून तें ज्वालामुखीचेंच मुख असें विद्वानांनींही दीर्घकाळ धरलें होतें. १९७० नंतरच्या दशकांत तेथील दगडांवर प्रचंड आघाताच्या खुणा सांपडल्या आणि तें उल्केच्या आघातानें झालें हें सिद्ध झालें. परंतु विद्वान चुकले म्हणून आमची चूक लहान होत नाहीं. कारण ती आम्हीं दहा वर्षांच्या मुलाच्या मनांत पेरली होती.

ती उगवलीही लवकर. एके दिवशीं रात्रीच्या जेवणाच्या वेळीं पुतण्यानें अभिमानानें सांगितलें कीं, शाळेच्या निबंधांत 'हिंगोलीचे डोंगर समुद्रानें कापले' असें त्यानें लिहिलें. एका मित्रानें शंका काढली, तेव्हां "माझ्या काकांनीं सांगितलें आहे" म्हणून त्याच्याशीं तो भांडलाही. घास हातांतच राहिला. पंक्तीला थोरले बंधु, वहिनी, मुलें, सगळीं होतीं. क्षणभर वाटलें, पुढें केव्हां तरी एकटा असतां सांगूं. पण ज्या भरपंक्तीसमान मोटारींत चूक केली, ती सुधारायची तर भरपंक्तींतच, असा विचार करून आम्हीं म्हटलें, "बाळ, मी चुकलों. तुझी आजी म्हणाली तेंच खरें होतें." आणि ताटांतील पोळीवर पोळी ठेवून थरांची गोष्ट समजावून दिली.

तो थोडा हिरमुसला. "मग आतां बाईंना काय सांगूं?"

"सांग, काकांनीं पुरावा पाहण्याआधीं उत्तर दिलें."

मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. उठून त्यांनीं कोनाड्यांतील जुन्या डब्यांतून एक गारगोटी काढली आणि ती नातवाच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशीं ती त्याच्याबरोबर शाळेंत गेली.